करा लागते

आमच्या घरात कोणी काही करत नाही. आमच्या घरात सगळं करा लागते. पहाटे उठा लागते, ड्यूटीवर जा लागते, आजारी माणसाला पाहा लागते, आणि पाहून आल्यावर ‘बरा दिसते’ असं म्हणाही लागते. माझे वडील भंडाऱ्याकडची धानाची शेती भावांवर सोडून भिलाईला पोलादाच्या कारखान्यात लागले, तेव्हा एक ट्रंक, एक वळकटी आणि हे क्रियापद एवढंच घेऊन आले असावेत. ट्रंक अजून दिवाणाखाली आहे.

एकदा बायकोच्या नात्यातले पुण्याचे पाहुणे आले होते. जेवताना ते हसून म्हणाले, “तुम्ही लोक ‘करा लागते’ काय म्हणता हो? ‘करावं लागतं’ म्हणायचं.” त्यातला ‘वं’ गळल्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. मी कॉलेजात व्याकरण मन लावून शिकलो होतो. ते कधीतरी कामाला येईल असं त्या वयात वाटतं. मला त्या वाक्यात दुसरंच काही गळलेलं दिसत होतं. ‘मले करा लागते’ यात ‘मी’ नाही. ‘मले’ आहे. काम वरून येऊन पडलेलं आहे आणि त्याच्या खाली कुणीतरी आहे, एवढंच ते वाक्य सांगतं. पाहुण्यांना हे सांगितलं नाही. त्यांना भात वाढला.

वडील गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. ते घरातच गेले, सकाळच्या पाळीला निघताना, खुर्चीवर बसून बुटाची लेस बांधता बांधता. एक लेस बांधलेली होती, एक सुटी. त्यांच्या जागेवर घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. तिला अनुकंपा नियुक्ती म्हणतात. अनुकंपा म्हणजे दया. सरकारी कागदावर इतका सरळ शब्द सहसा सापडत नाही.

दादा वर्षभर आधीच रेल्वेत लागला होता आणि भिलाई-३ला राहायला गेला होता. मी नागपूरला मराठीत एमए करायच्या विचारात होतो. विचार म्हणजे अर्ज आणून ठेवला होता, भरला नव्हता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “दादाची तं लागली. आता तुले घ्या लागते.”

मी म्हणालो, “तू म्हणशील तसं.”

पुढची सव्वीस वर्षं या तीन शब्दांवर गेली. खात्यात गेलो तेव्हा वडिलांचंच लॉकर मिळालं. आत त्यांचा टॉवेल अडकवायचा खिळा होता. मी माझा टॉवेल त्यावर अडकवला. लोक मला ‘त्यांचा पोरगा’ म्हणू लागले. वडिलांना ओळखणारे एकेक करून निवृत्त झाले, तरी नाव राहिलं. आता ज्या पोरांनी वडिलांना पाहिलंही नाही, तेही मला ‘वो उनका लड़का’ म्हणतात, आणि माझे केस पांढरे आहेत. कुणी विचारलं की तुम्ही एवढं वाचता, मग इथे कसे, तर माझं उत्तर ठरलेलं होतं: “आईनं लावलं.” हे मी हसत म्हणायचो. हसत म्हटलं की ती तक्रार वाटत नाही, आणि रोज करता येते.

गेल्या वर्षी होळीच्या आसपास आम्हा तीस जणांना दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. विषय होता ‘आत्मसन्मान और व्यक्तिगत ज़िम्मेदारी’. बॅनरवर उगवता सूर्य होता आणि एक माणूस डोंगरावर हात पसरून उभा होता. तो तिथवर कोणत्या पाळीला सुटी टाकून गेला, असं मला विचारावंसं वाटत होतं. बाहेरून आलेले व्याख्याते कोट घालून आले होते. आधी दीपप्रज्वलन झालं, मग व्याख्यात्यांचा सत्कार झाला, मग सत्काराला उत्तर झालं. आत्मसन्मानाच्या आधी एवढा सन्मान उरकून घ्यावा लागला.

मग त्यांनी एक हातातला आरसा फिरवला. प्रत्येकाने त्यात पाहून म्हणायचं, “मैं अपने जीवन का मालिक हूँ.” तीस माणसं, एक आरसा. माझ्या शेजारी एक क्रेन ऑपरेटर बसला होता, छत्तीसगढी, माझ्याच वयाचा. त्याने आरशात पाहिलं, दातात अडकलेलं सुपारीचं खांड नखाने काढलं आणि आरसा पुढे दिला.

“बोलिए, बोलिए,” व्याख्याते म्हणाले.

“मालिक तो घर में है साहब,” तो म्हणाला, “पूछ के बताता हूँ.”

सगळे हसले. मीही हसलो. मग व्याख्यात्यांनी प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढं एक पांढरं कार्ड दिलं. त्यावर आयुष्यातला असा एक निर्णय लिहायचा, जो पूर्णपणे तुमचा स्वतःचा होता. दहा मिनिटं.

क्रेन ऑपरेटरने ‘शादी’ लिहिलं, थोडा वेळ पाहिलं आणि खोडलं. मी पेन घेऊन बसलो. नोकरी आईनं लावली. लग्न दादाच्या सासऱ्यांनी जमवलं. मुलीला कोणत्या शाळेत घालायचं हे शेजाऱ्यांनी ठरवलं, म्हणजे त्यांची मुलगी जिथे जाते तिथे. दुसऱ्या खात्यात बदली मागायची संधी आली होती. तेव्हा अर्ज करू का म्हणून मी चार जणांना विचारलं, दोघे हो म्हणाले, दोघे नको म्हणाले, आणि तारीख निघून गेली. शेवटी ‘चहातली साखर बंद केली’ असं लिहायला घेतलं, आणि आठवलं की तीही डॉक्टरने बंद केली होती. बंद करा लागली.

मी व्याख्यात्यांची चेष्टा मनातल्या मनात अजून करत होतो, पण आता तिच्यात दम नव्हता. माणूस फुगलेला होता, सूर्य छापील होता, आणि प्रश्न मात्र बरोबर होता. अठ्ठेचाळीस वर्षं आणि एक कार्ड भरत नव्हतं. वेळ संपली तेव्हा मी ते कोरंच खिशात घातलं. बाहेर स्टँडवर स्कूटरला किल्ली लावून बराच वेळ नुसता बसून राहिलो. घरी जा लागत होतं.

ते कार्ड शर्टासकट वॉशिंग मशीनमध्ये गेलं. बायको आठवडाभर कपड्यांवरचे पांढरे कण झटकत होती. “काय होतं खिशात?” तिने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो, आणि ते खरंच होतं.

आई आमच्याकडे, म्हणजे कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहते. तिला वीस वर्षांपासून शुगर आहे. क्वार्टरच्या मागे तिने अंबाडी, वाल, वांगी असं काय काय लावलं आहे आणि त्या मातीत ती अनवाणी फिरते. चप्पल घाल म्हटलं की म्हणायची, “मातीले काय चप्पल घालून भेटा लागते?” मार्चच्या अखेरीस तिचं फिरणं कमी झालं. मग ती पायात मोजे घालू लागली. भिलाईच्या उन्हाळ्यात मोजे. हे कुणालाही खटकायला हवं होतं. मला खटकलं, आणि मी ते बायकोने विचारावं म्हणून सोडून दिलं. बायकोने ते मी विचारावं म्हणून सोडलं असावं.

एका सकाळी तिला ताप भरला. बायकोने मोजा काढला. आत हळद भरलेली चिंधी होती आणि चिंधीत डाव्या पायाचा अंगठा, काळा. त्या वासाबद्दल मी लिहिणार नाही.

“कावून नाई सांगितलं, आई?”

“सांगितलं असतं तं दवाखान्यात जा लागलं असतं.”

कारखान्याच्या दवाखान्यात गेलो. सर्जन तरुण होते, थकलेले होते आणि भाषण करत नव्हते, म्हणून मला लगेच आवडले. त्यांनी मला आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं: विष वर चढतं आहे. आज कापला तर गुडघ्याच्या खाली कापता येईल, गुडघा वाचेल, आणि गुडघा वाचला तर नकली पाय लावून बाई चालूही शकेल. उद्याचं सांगता येत नाही. परवा कदाचित काहीच सांगायची गरज राहणार नाही. आई तापात होती, भलतंच बोलत होती, वडिलांना बुटाची लेस बांधायला सांगत होती. ती स्वतः सही करण्याच्या स्थितीत नव्हती.

“मेडिकल बुक किसके नाम पर है?” सर्जननी विचारलं.

“मेरे,” मी म्हणालो. कामगाराच्या घरच्यांवर कारखाना त्याच पुस्तकावर इलाज करतो.

“तो साइन आपका लगेगा.”

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो हात जोडून म्हणाला, “डॉक्टर साहब, आप ही बताइए. आपकी माँ होती तो?”

“मेरी माँ नहीं है,” सर्जन म्हणाले. “आपकी है. चार बजे तक बता दीजिए.” आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले.

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पाच तास होते. मी एकटाच असतो तर काय केलं असतं, हे मला माहीत नाही. दादा म्हणाला, “सगळ्याइले विचारा लागते,” आणि मला सुटका झाल्यासारखं वाटलं. हे मी स्पष्ट लिहून ठेवतो. माझी आई आत कण्हत होती आणि मला सुटका झाल्यासारखं वाटलं.

दादाने फोन लावायला सुरुवात केली. दुर्गच्या पद्मनाभपुरला आमची बहीण राहते, ती रडली आणि म्हणाली, “तुमी भाऊ ठरवा.” गावाला मामा आहेत; ते म्हणाले, बालाघाटच्या अलीकडे एक माणूस पाला बांधतो, तीन दिवसांत फरक पडतो, पण मी म्हणतो म्हणून नका करू, तुमी पाहा. कुणी म्हणालं कापू नका, कुणी म्हणालं कापा, आणि प्रत्येकाने शेवटी ‘बाकी तुमी पाहा’ जोडलं. दोन वाजता दादाला एक युक्ती सुचली. आमचा मोबाइलवर घरच्यांचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर सुप्रभात आणि जोडलेले हात येतात. दादाने त्यावर मतदान ठेवलं. आईचा पाय, पर्याय तीन: एक, कापावा. दोन, थांबावं. तीन, जसं सगळे म्हणतील तसं.

बायको आईच्या खाटेजवळून उठून बाहेर आली तेव्हा आम्ही दोघे भाऊ बाकावर बसून मोबाइल पाहत होतो. तिने वाकून पाहिलं.

“हे काय करून राहिले तुमी?”

“मत घेऊन राहिलो सगळ्याइचं,” दादा म्हणाला.

“आईच्या पायाचं मतदान?” ती म्हणाली. दादाशी ती एरवी मान खाली घालून बोलते. “दादाजी, तुमच्या घरात ना, निर्णय म्हणजे उष्टं ताट आहे. जो तो दुसऱ्याकडे सरकवते.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “बुक तुमच्या नावावर आहे ना?”

मी म्हणालो, “पाहून राहिलो ना मी.”

चार वाजेपर्यंत एकवीस माणसांनी मत दिलं. दोघांनी ‘कापावा’ म्हटलं, तिघांनी ‘थांबावं’. सोळा जणांनी ‘जसं सगळे म्हणतील तसं’. आमच्या घराण्याचा इतका खरा निकाल दुसरा नसेल. त्या सोळांत सोळावा मी होतो. बोट माझं होतं, मी ते स्क्रीनवर टेकवलेलं पाहिलं.

चार वाजता दादाने सर्जनना सांगितलं की घरात एकमत झालेलं नाही, मामा उद्या सकाळी येऊन राहिले आहेत. सर्जननी दादाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहिलं. ते “ठीक है” म्हणाले, फाईलमध्ये काही लिहिलं आणि गेले.

मामा सकाळी आठला आले. आईजवळ गेले, बाहेर आले आणि धोतराने डोळे पुसत म्हणाले, “आता मी काय सांगू बाप्पा. तुमी पाहा.” त्यांच्या मागोमाग सर्जन आले. त्यांनी पाय उघडून पाहिला आणि गुडघ्याच्या वीतभर वर आपल्या बोटाने हवेत एक रेघ ओढली.

“यहाँ से,” ते म्हणाले. “कल नीचे से हो जाता.”

नर्सने फॉर्म आणून दिला. छापील, हिंदीत. ‘मैं पूरी तरह समझकर, स्वेच्छा से, किसी दबाव के बिना…’ आणि खाली सहीची रेघ. मी ‘स्वेच्छा’ या शब्दावर अडकलो. तो मी शेकडो वेळा वाचलेला होता, पण कधी भरलेला नव्हता. दादा मागे उभा होता, म्हणाला, “कर, कर आता, करा लागते.”

खात्यात लोक माझ्याकडून अर्ज, खुलासे, माफीपत्रं लिहून घेतात. मी त्यात वाकबगार आहे. कुणी उशिरा आला, तर माझ्या कागदात तो उशिरा येत नाही, त्याला उशीर होतो. भांडण केलं जात नाही, ते घडतं. सव्वीस वर्षांत मी एवढ्या लोकांना एवढ्या गोष्टींच्या कर्तेपणातून सोडवलं आहे की माझा हात आपोआप चालतो. तो तेव्हाही चालला. सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत मी सुबक अक्षरांत लिहिलं: ‘पारिवारिक सहमति एवं चिकित्सक की सलाह पर, विवश होकर’. आणि मग सही करायला रेघेवर पेन टेकवलं.

“अरे, ये क्या लिख दिया?” नर्सने कागद ओढून घेतला. पन्नाशीची, केरळची बाई. “इसमें कुछ लिखना नहीं है बाबा. साइन बस. विवश-फिवश नहीं चलता है. अब दूसरा फॉर्म लाना पड़ेगा.” ती फाईल बगलेत मारून खालच्या मजल्यावर गेली.

ती परत येईपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. आईला आत नेण्यासाठी स्ट्रेचरवर ठेवलेलं होतं आणि सगळे थांबले होते, कारण मला एक शब्द जास्तीचा हवा होता. आईने डोळे उघडले. ताप थोडा उतरला होता बहुतेक, कारण तिने मला ओळखलं. “काय झालं?” म्हणाली. “कावून थांबून राहिलो आपन?”

मला अचानक नोकरीचा तो पहिला अर्ज आठवला. तोही छापील होता, त्यावरही खाली रेघ होती. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. माझा हात कुणीही धरला नव्हता. मी वडिलांच्याच पेनाने, वळणदार अक्षरात, पूर्ण नाव लिहिलं होतं, कारण मला नागपूरची भीती वाटत होती. एमएचा अर्ज मी आणून ठेवला होता आणि वडील जायच्या आधी महिनाभर भरला नव्हता. आईनं लावलं नव्हतं. मी लागलो होतो. सव्वीस वर्षं मी हिच्यावर ज्याचं ओझं ठेवून हसत होतो, ते माझं होतं, आणि ती आता स्ट्रेचरवर पडून मला विचारत होती की का थांबलो आहोत.

नर्स नवीन फॉर्म घेऊन आली. मी सही केली. नात्याच्या रकान्यात ‘पुत्र’ लिहिलं. दुसरं काही लिहिलं नाही. ज्यांनी शिबिरात उगवता सूर्य लावला होता त्यांना सांगायला हवं की त्या वेळी छाती वगैरे फुलली नाही. नर्सने तारीख टाकायला सांगितली, ती टाकली. पेन परत देऊन वळलो तोवर आईला आत नेलेलं होतं.

ती वाचली.

तिसऱ्या दिवशी ती पूर्ण शुद्धीवर आली आणि तिने चादर वर केली. मग जो आवाज निघाला तो वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. बहीण, दादा, मामा, मी, सगळे भोवती होतो.

“माया पाय कुठी आहे? कोणं कापला?”

“कापा लागला, आई,” दादा म्हणाला.

“कोणं?”

“डॉक्टरनं म्हटलं, आई. इलाज नवता,” बहीण म्हणाली.

“मी कोणं म्हणून राहिली! कोणाले विचारून?”

“सगळ्याइनं मिळून…” मामा म्हणाले आणि थांबले.

ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. एवढी माणसं होती आणि पाय कुणीच कापलेला नव्हता. तो लागला होता, झाला होता, इलाज नव्हता. तिला चिडायला कुणी सापडेना. तिने मान वळवली आणि वर छताच्या पंख्याला शिव्या देऊ लागली, मग देवाला, मग वडिलांना, जे लेस बांधून निघून गेले होते. हे घरी आल्यावरही चालू राहिलं. ती खाईना. रोज पंख्याकडे पाहून विचारायची, “कोणं कापला रे माया पाय?” आणि आम्ही रोज म्हणायचो, कापा लागला. दोन आठवड्यांत ती अर्धी झाली. ड्रेसिंग बदलणारा माणूस म्हणाला, जखम भरेल, पण बाईच भरत नाहीत.

मी रोज कामावर जायचो आणि रोज मला वाटायचं की संध्याकाळी घरी परत जाऊ नये. घराऐवजी बोरसीच्या रस्त्याला वळावं आणि स्कूटर नेत राहावी. आईने मरावं असं मला दोनदा वाटलं. हेही लिहून ठेवतो.

एका रविवारी दुपारी मी तिला वाटीतून पेज पाजत होतो. तिने तोंड फिरवलं आणि पंख्याला विचारलं, “कोणं कापला?”

मी म्हणालो, “मीनं कापला.”

तिची मान वळायला वेळ लागला.

“सही मीनं केली. मेडिकल बुक माया नावावर आहे. दादानं नाई, मामानं नाई, डॉक्टरनं नाई. मीनं.”

तिने हात उचलून मला मारलं. अशक्त हात होता, वाटी मात्र पडली आणि पेज माझ्या बनियनवर सांडली. “मुडद्या,” ती म्हणाली. “तुया हाताले किडे पडो. मायचा पाय कापतं? बापाच्या जागेवर याच्यासाठी बसवलं तुले?” आणि बरंच काही, जे बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. पंधरा दिवसांत आई पहिल्यांदाच एवढा वेळ कुणा माणसाकडे पाहून बोलत होती.

इथे थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. सत्य बोललेला मुलगा, बनियनवर पेज. मला थोडं बरं वाटूही लागलं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. कारण एवढ्याने मी तिचा जीव वाचवणारा ठरत होतो. उरलेली गोष्ट कुणी तिला सांगितली नव्हती आणि सांगणारही नव्हतं. दादाने ग्रुपवरचं ते मतदान पुसून टाकलं होतं.

“अजून एक आहे,” मी म्हणालो. “आदल्या दिवशीच कापला असता तं गुडघा राहिला असता. नकली पाय लावून तू चालली असती. डॉक्टरनं सांगितलं होतं. सही मायीच लागत होती. मी दिवसभर बसून राहिलो.”

“कावून?”

तिने हे हळू विचारलं. मी उत्तर शोधत होतो. मला अनेक सुचत होती, सगळी चांगल्या भाषेत.

“भेलो,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. त्या दिवशीही नाही, पुढचे अकरा दिवसही नाही. बायकोच्या हातून जेवायची, माझ्याकडे पाहायची नाही. पण जेवायची. कुणीतरी मला क्षमा करत नाही आहे आणि ते बरोबर आहे, अशा घरात राहायची मला सवय नव्हती. बायकोने एकदा फक्त विचारलं, “सांगितलं ते बरं केलं असं वाटते का?” मी म्हणालो, “नाही.” ती म्हणाली, “मंग तुमी खरं तेच सांगितलं असेल.”

बाराव्या दिवशी सकाळी आईने हाक मारली. नाव घेतलं नाही. “ए,” म्हणाली. “इकडे ये. सुनेची कंबर दुखते. आजपासून मले तू उचलशील. संडासात बी तूच नेशील.”

“हो.”

“आन् मांगं अंबाडीत नेशील रोज. कोणं पाणी घालून राहिलं का नाई, पाह्यचं आहे मले.”

तिला उचलणं मला येत नव्हतं. एका बाजूला वजन नसतं, माणूस कलतो. पहिल्या दिवशी आम्ही दोघेही दाराच्या चौकटीवर आदळलो. “घट्ट धर ना बे,” ती म्हणाली. “कापाले बरा आला होता हात.” मी तिला मागच्या ओट्यावर खुर्चीत बसवलं. अंबाडी वाळली होती. वालाचा वेल तारेवर तसाच सुकला होता. ती त्याकडे पाहत राहिली आणि मला वाटलं आता रडेल, पण ती रडली नाही. तिचं रडणं संपलं होतं आणि त्याच्या जागी दुसरं काही चांगलं आलेलं नव्हतं.

तारेपलीकडच्या क्वार्टरमधली शेजारीण कपडे वाळत घालत होती. वर्षभरापूर्वीच राहायला आलेली, बिहारकडची. ती लगबगीने तारेशी आली.

“अरे माताजी! कितने दिन बाद! हाय, ये कैसे हो गया? कटवाना पड़ा?”

आईने मान हलवली. तिने बोट उचललं आणि माझ्या छातीशी नेलं.

“पड़ा-वड़ा नहीं,” ती म्हणाली. “इसने काटा. एक दिन लेट किया, नहीं तो घुटना बच जाता.”

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं, हसावं की काय करावं तिला कळेना. आमच्या रांगेत ही गोष्ट दुपारपर्यंत सगळीकडे जाणार होती. इथे मी कायम ‘उनका लड़का’ होतो. आता मी कोण होणार, ते मला दिसत होतं.

“सच में, भैया?” तिने विचारलं.

“हाँ,” मी म्हणालो. “मैंने.”

“चाल, उचल आता,” आई म्हणाली. “ऊन आलं.”